तहकूब सभा आणि शंभर सह्या

ग्रामपंचायतीच्या इतिवृत्तात एक वाक्य वर्षानुवर्षं त्याच वळणाच्या अक्षरात सापडतं : 'गणपूर्तीअभावी आजची सभा तहकूब करण्यात येत आहे.' त्याखाली पुढची तारीख. आणि त्या तारखेच्या पानावर दहा-बारा ठराव, प्रत्येकाच्या शेवटी 'सर्वानुमते मंजूर'. पहिल्या सभेला पुरेसे लोक नव्हते म्हणून ती झालीच नाही. दुसरीला त्याहूनही कमी होते, तरी ती झाली आणि सगळं मंजूर झालं. यात बेकायदा काहीच नाही, आणि खरी अडचण तीच आहे. विदर्भाच्या खेड्यात लोकशाही आणि माणसाचे हक्क नेमके कुठं गळतात हे शोधायचं असेल, तर या एका वाक्यापासून सुरुवात करावी असं माझं मत आहे.

आधी नियम पाहू. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम १९५८ च्या कलम ७ नुसार आर्थिक वर्षात किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात. साधारण सभेची सूचना सात दिवस आधी द्यायची. नियमित सभेच्या आधी महिलांची सभा वेगळी घ्यायची. गणपूर्ती म्हणजे एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांतला जो आकडा लहान असेल तो. चारशे मतदारांच्या गावात साठ माणसं लागतात. मतदार ६६७ च्या वर गेले की शंभराची कमाल मर्यादा लागू होते. म्हणजे सोळाशे मतदारांच्या गावात शंभर लोक पुरतात, जे सव्वासहा टक्केच भरतात. गाव जितकं मोठं, तितकी अट सैल. एवढी सैल अटसुद्धा पाळली गेली नाही तर सभा तहकूब करायची. आणि तहकूब सभेला गणपूर्तीची गरज नाही. बंधन एकच, की मूळ विषयपत्रिकेवरचेच विषय घ्यायचे.

पंधरा टक्क्यांचं दार असं बंद झालं तरी मागचं दार उघडं राहतं. ज्याला सभा नकोच आहे त्यानं फक्त पहिल्या दिवशी लोक जमणार नाहीत एवढं पाहायचं.

नियम लिहिणाऱ्यांना याहून कडक लिहिता येत नाही असंही नाही. गावातलं दारूचं दुकान बंद करायचं असेल तर २००८ च्या शासन आदेशानुसार आधी २५ टक्के महिला मतदारांनी मागणी करायची, मग गुप्त मतदान घ्यायचं, आणि एकूण नोंदणीकृत महिला मतदारांच्या निम्म्याहून अधिक मतं 'आडव्या बाटली'ला पडली तरच दुकान बंद. आलेल्यांच्या निम्म्याहून अधिक असं नाही, यादीत नाव असलेल्या सगळ्यांच्या. मेलेल्यांची नावं यादीतून निघाली नसतील तर तीही दारूवाल्याच्या बाजूनं मोजली जातात. उलट घरकुलाच्या यादीतून कुणाचं नाव गाळायचं, गावठाणातली जागा कशाला द्यायची, पाण्याची टाकी कोणत्या टोल्यावर, म्हणजे वस्तीवर, बांधायची, हे तहकूब सभेत आठ माणसं ठरवू शकतात. दुकानाचा परवाना वाचवायला एवढी काळजी घेणाऱ्या राज्यानं विधवेच्या घराच्या बाबतीत ती का घेऊ नये, याचं उत्तर कुणी दिलेलं नाही.

दुसरं उदाहरण जंगलातलं. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली जे नियम झाले आणि २०१२ मध्ये सुधारले गेले, त्यांत ग्रामसभेला एकूण सदस्यांच्या निम्मे लोक हजर लागतात, हजर असलेल्यांत किमान एक तृतीयांश स्त्रिया लागतात, आणि दाव्यांवर ठराव घ्यायचा असेल तर दावेदारांपैकी किंवा त्यांच्या प्रतिनिधींपैकी निम्मे समोर बसलेले लागतात. ज्याच्या हक्काचा निर्णय होतो आहे त्याच्या पाठीमागे तो होऊ नये, हे तत्त्व इथं आकड्यांत उतरलं आहे. मानवी हक्कांवर आपल्याकडं व्याख्यानं भरपूर होतात. पण हक्क म्हणजे काय हे मला तरी या तिसऱ्या अटीइतकं स्वच्छ दुसरीकडं दिसलं नाही.

'लोकच येत नाहीत, त्याला नियम काय करणार?' हा आक्षेप खेड्यातला प्रत्येक सरपंच घेतो. तो खोटा नाही, पण अर्धा आहे. बहुतेक गावांत सभा २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या चार तारखांना ठेवायची रीत पडली आहे. या तारखा विदर्भाच्या शेताला विचारून पाहा. जानेवारीच्या शेवटी कापसाचा वेचा चालू असतो, वेचणीची मजुरी किलोवर मिळते, म्हणजे सभेत बसलेला प्रत्येक तास बाईच्या पदरातून जातो. रात्री हरभऱ्या-गव्हाला पाणी द्यायला माणूस विहिरीवर. मे महिन्यात गडचिरोली, चंद्रपूर, गोंदियाकडं तेंदूपानाचा हंगाम, पहाटे अंधारात घर सोडायचं आणि दुपारी पुडके बांधत बसायचं. बाकी ठिकाणी लग्नसराई आणि पंचेचाळीस अंशांचं ऊन. ऑगस्टमध्ये पऱ्हाटीतलं निंदण आणि डवरणी, पूर्वेकडं धानाची उशिराची रोवणी. ऑक्टोबरच्या सुरुवातीला सोयाबीनची सोंगणी, तीही पाऊस येईल या धाकानं रात्रंदिवस. झेंडावंदनाला मुलं, मास्तर आणि पुढारी जमतात, म्हणून सभा त्या दिवशी सोयीची; पण ज्यांच्या मजुरीवर, घरावर, रेशनवर निर्णय व्हायचे ते त्या वेळी बांधावर असतात. मेळघाटात तर याहून सोपा पुरावा आहे. दिवाळीनंतर कामाला बाहेर गेलेली कोरकू कुटुंबं होळीला हमखास परत येतात. ज्याला खरोखर गणपूर्ती हवी आहे त्यानं सभा होळीच्या आठवड्यात ठेवावी. मतदार यादीत नाव आहे आणि माणूस वीटभट्टीवर आहे, अशा जानेवारीत ठेवू नये.

त्यात गट ग्रामपंचायत असली की आणखी एक पदर वाढतो. तीन-चार छोटी गावं मिळून एक पंचायत, कार्यालय मोठ्या गावात, सभा तिथंच. जंगलातल्या टोल्यावरच्या बाईनं संध्याकाळी चार-पाच किलोमीटर चालत जायचं, 'ऐनवेळचे विषय' संपेपर्यंत थांबायचं आणि अंधारात परत यायचं, ही अपेक्षा करणाऱ्यानं एकदा तो रस्ता चालून पाहावा.

आता प्रत्यक्ष सभा कशी चालते ते बघू. नोंदवही सुरुवातीलाच फिरते. सह्या आधी, चर्चा मागून. सह्यांच्या खाली पान कोरं राहतं, ते नंतर भरतं. कधी दुसऱ्या दिवशी शिपाई वही घेऊन घरोघरी जातो आणि 'कालच्या सभेची सही करून दे बाप्पा' म्हणून अंगठे घेऊन येतो. विषयपत्रिकेतला शेवटचा विषय ठरलेला : 'अध्यक्षांच्या परवानगीने येणारे ऐनवेळचे विषय'. जे सूचनेत लिहिलं असतं तर गाव लोटलं असतं, ते नेमकं इथून आत येतं. मग ठराव. बोलणं झालं एक, लिहिलं जातं दुसरं. कारण ठराव जागेवर लिहिला जात नाही, टिपणं काढून नंतर लिहितात. सूचक आणि अनुमोदक म्हणून जी नावं पडतात त्या माणसांना कधीकधी आपण काय सुचवलं ते वर्षभरानंतर कळतं. या सगळ्यात ग्रामसेवकाला (आताच्या ग्रामपंचायत अधिकाऱ्याला) एकट्याला दोषी धरणं सोपं आहे आणि फारसं खरं नाही. त्याच्याकडं अनेकदा दोन-दोन गावं असतात, वरून महिनाअखेरीला ठरावाची प्रत मागितली जाते, आणि निधी मार्चअखेर परत जाण्याची भीती असते. वरच्या कार्यालयाला ठराव हवा असतो. सभा झाली की नाही हे तिथं कुणी विचारत नाही.

'सर्वानुमते' हा शब्द या वहीतला सगळ्यात लबाड शब्द आहे. त्याचा अर्थ असतो, कुणी विरोध नोंदवला नाही. बोलला असेल, ओरडला असेल, उठूनही गेला असेल. पण नोंदलं नाही. याच्या उलट सर्वसहमती काय असते ते गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा गावानं दाखवलं आहे. हे गाव लेखा गट ग्रामपंचायतीतलं, म्हणून मेंढा-लेखा. 'आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा तिथलीच. तिथला दंडक असा की एकाचाही विरोध असेल तर निर्णय थांबतो आणि त्याची समजूत पटेपर्यंत विषय पुन्हा पुन्हा येतो. याला वेळ लागतो, कंटाळा येतो. पण वनहक्क कायदा आला तेव्हा हेच गाव तयार होतं : २००९ मध्ये मेंढा आणि शेजारच्या मर्दा या गावांना देशात सर्वांत आधी सामूहिक वनहक्क मिळाला, मेंढ्याच्या वाट्याला सुमारे १,८०० हेक्टर जंगल आलं. तरीही बांबू विकायला वाहतूक परवाना लागतो आणि तो वनखातं देईना, म्हणून दोन वर्षं गेली. एप्रिल २०११ मध्ये तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश स्वतः गावात आले आणि परवाना-पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं गेलं, तेव्हा गाडी पुढं सरकली. हक्क मंजूर होणं आणि हक्क वापरता येणं यांच्यामध्ये एक परवाना-पुस्तक उभं असतं, ते असं.

मेंढ्याचं उदाहरण दिलं की लोक भावुक होतात. म्हणून लगेच दुसरी बाजू मांडतो. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी खेड्याला संकुचितपणाचं डबकं आणि अज्ञान, कोतेपणा, जातीयता यांची गुहा म्हटलं होतं, आणि घटनेच्या मसुद्यात व्यक्ती हा घटक धरला, गाव धरला नाही, याबद्दल समाधान व्यक्त केलं होतं. अठरा दिवसांनी, २२ नोव्हेंबरला, ग्रामपंचायतींची तरतूद सुचवणारी के. संथानम यांची दुरुस्ती त्यांनी स्वीकारलीही. तेच आजचं अनुच्छेद ४०. गावावर श्रद्धा ठेवणारं सेवाग्राम आणि गावाकडं संशयानं पाहायला शिकवणारी दीक्षाभूमी, दोन्ही विदर्भात आहेत, एकमेकांपासून शंभर किलोमीटरच्या आत. हा वाद आपल्या अंगणातला आहे आणि तो मिटलेला नाही. २९ सप्टेंबर २००६ ला भंडारा जिल्ह्यात खैरलांजीला एका दलित कुटुंबातल्या चौघांची हत्या झाली, ती गावातच, गावातल्याच माणसांकडून. 'गाव करी ते राव ना करी' ही म्हण त्या गावात उच्चारून पाहावी.

म्हणून ग्रामसभेला अधिकार द्या म्हणताना ती काय ठरवू शकत नाही हे आधी सांगावं लागतं. इथं राज्य या कल्पनेचा संबंध येतो. राज्य म्हणजे मुंबई-दिल्ली अशी आपली समजूत असते. घटनेच्या अनुच्छेद १२ मध्ये मूलभूत हक्कांच्या संदर्भात 'राज्य' या शब्दात स्थानिक प्राधिकरणंही येतात. म्हणजे तुमच्या गावची पंचायत हे राज्यच आहे, आणि अनुच्छेद १३ नं राज्याला घातलेली बंदी, मूलभूत हक्क हिरावणारा कायदा, नियम किंवा आदेश करू नये ही, तिलाही लागू आहे. पंचायतीनं एका वस्तीची नळजोडणी अडवली, स्मशानभूमीचा रस्ता अडवणारा ठराव केला, तर तो गावातला घरगुती तंटा उरत नाही. राज्यानं नागरिकाचा हक्क मोडला असं ते असतं आणि त्याविरुद्ध अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात जाता येतं. नव्याण्णव टक्के हात वर झाले तरी एखाद्या घराला वाळीत टाकण्याचा ठराव ठराव होत नाही. जातपंचायतीनं किंवा समाजगटानं तसं केलं तर सामाजिक बहिष्काराविरुद्धचा महाराष्ट्राचा कायदा जुलै २०१७ पासून लागू आहे, शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. लोकशाहीत बहुमत चालतं. पण काय काय मताला टाकायचंच नाही याची यादी आधी ठरलेली असते. ती यादी म्हणजे मूलभूत हक्क.

आंबेडकरांच्या आक्षेपाला मेंढ्याचे फोटो दाखवून उत्तर मिळत नाही. माझ्या मते उत्तर कार्यपद्धतीत आहे. गावातल्या दुबळ्या माणसाला सरपंचाच्या चांगुलपणावर किंवा गावाच्या एकोप्यावर सोडता येत नाही. सात दिवसांची सूचना, भरलेली गणपूर्ती, नोंदवलेला विरोध, हातात पडलेली प्रत आणि वर अपील, या पाच गोष्टी त्याच्या बाजूच्या आहेत. मोठ्या माणसाला यातली एकही लागत नाही. त्याचं काम फोनवर होतं. कार्यपद्धतीला 'कागदी घोडे' म्हणून हिणवणारे कोण असतात ते एकदा नीट पाहावं.

'लाभार्थी' या शब्दानं यात बरंच नुकसान केलं आहे. लाभार्थी उपकार घेतो, त्यामुळं तो पावती मागत नाही. १९७७ च्या महाराष्ट्राच्या रोजगार हमी कायद्याचं आणि पुढं २००५ च्या केंद्रीय कायद्याचं वेगळेपण हे होतं की कामाची मागणी लेखी करायची आणि तारखेसह पोच घ्यायची : नमुना ४ मध्ये मागणी, नमुना ५ मध्ये पोच. पंधरा दिवसांत काम मिळालं नाही तर बेरोजगार भत्ता. ज्या गावांत मजुरांनी तोंडी काम मागितलं तिथं त्या पंधरा दिवसांची मोजणी सुरूच झाली नाही, कारण पोच नव्हती. भत्ता बुडाला तो कायद्यात नव्हता म्हणून नाही. घड्याळ सुरू करणारा कागदच नव्हता. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ चंही तसंच. अधिसूचित सेवा मुदतीत मिळाली नाही तर आधी त्याच खात्यात दोन अपिलं, मग आयोग. कसूर करणाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड. पण अर्जाची पोच आणि क्रमांक नसेल तर मुदत कधीपासून मोजणार?

मग काय बदलावं? मला तीन गोष्टी हव्यात, आणि त्यांतली पहिली बाकीच्या दोघींहून फार मोठी आहे. लाभार्थ्यांची निवड, सार्वजनिक जमीन, आणि खाणी-प्रकल्पांना संमती, या विषयांपुरती तहकूब सभेची सवलत काढून टाका. दिवाबत्तीचं बिल आणि झाडू खरेदी तहकूब सभेत खुशाल होऊ द्या. गणपूर्तीसाठी गावाचा गाडा अडवण्यात शहाणपण नाही. पण माणसाच्या घराचा आणि जमिनीचा विषय आला की वनहक्काचीच अट लावा : ज्यांचा विषय आहे त्यांतले निम्मे समोर हवेत. दुसरं, गट ग्रामपंचायतीत सभा आळीपाळीनं प्रत्येक गावात, आणि तारखा त्या भागातल्या पिकाप्रमाणं गावानं वर्षाच्या सुरुवातीला ठरवाव्यात. तिसरं, 'ऐनवेळचे विषय' या मथळ्याखाली पैसा आणि जागा यांचा एकही ठराव नको.

'मग निधी परत जाईल' असं म्हणतील. जाऊ द्या, एका वर्षी जाऊ द्या. आठ जणांनी चुकीच्या टोल्यावर बांधलेली टाकी दुरुस्त होत नाही. ती तीस वर्षं कोरडी उभी राहते.

कायदा बदलेल तेव्हा बदलेल. तोवर आहे त्या नियमांत करता येण्यासारखं बरंच आहे. सूचना फळ्यावर लागल्या दिवशी तारीख दिसेल असा फोटो काढून ठेवावा. सात दिवस भरले नाहीत तर हाच पुरावा. आपला विषय सभेच्या आधी लेखी द्यावा आणि दुसऱ्या प्रतीवर पोच, शिक्का, तारीख घ्यावी. पोच देत नसतील तर तोच कागद स्पीड पोस्टानं पाठवावा, पोस्टाची पावती हीच पोच. सभेत विरोध असेल तर 'माझा विरोध नावानिशी लिहा' एवढंच म्हणावं, भाषण करू नये. भाषण वहीत येत नाही, नाव येतं. लिहीत नसतील तर दुसऱ्याच दिवशी गटविकास अधिकाऱ्याकडं लेखी हरकत द्यावी, एक प्रत जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याला. आठ दिवसांनी माहिती अधिकारात इतिवृत्ताची आणि हजेरीच्या पानांची प्रत मागावी : दहा रुपये शुल्क, दारिद्र्यरेषेखालच्याला तेही नाही, प्रत दोन रुपये पान, मुदत तीस दिवस. अर्जात 'ठराव का केला' असं विचारू नये. त्याला 'माहिती उपलब्ध नाही' हे एका ओळीचं उत्तर तयार असतं. 'अमुक तारखेच्या ग्रामसभेच्या इतिवृत्ताची व हजेरी नोंदवहीच्या पानांची साक्षांकित प्रत' असं लिहावं. नाही मिळाली तर तीस दिवसांत पहिलं अपील, नंतर नव्वद दिवसांत राज्य माहिती आयोगाच्या नागपूर किंवा अमरावती खंडपीठाकडं दुसरं.

आणि सभा संपताना, वही शिपायाच्या काखेत जाण्याआधी, शेवटच्या सहीखाली एक आडवी रेघ मारायला लावावी. रेघेवर हजर माणसांचा आकडा, अंकी आणि अक्षरी, त्यात बाया किती ते वेगळं. खाली अध्यक्षाची सही. त्या रेघेच्या खाली दुसऱ्या दिवशी अंगठा उमटवता येत नाही.